चार बोटं कोरी जागा

निळे पत्रे दिसले की माझं डोकं आजही फिरतं. कुठेही दिसोत. कोणी बिचारा आपल्या गच्चीवर पावसासाठी पत्रे टाकत असला तरी मी खालून त्याच्याकडे अशा नजरेने बघतो की तो हातोडी थांबवून विचारतो, "काय काका, काही चुकलं का?" त्याचं काही चुकलेलं नसतं. ज्यांचं चुकलं ते गाडीच्या काचा वर करून फिरतात आणि त्यांच्या अंगावर ओरडायचं तर आधी भेटीची वेळ घ्यावी लागते.

आमच्या इमारतीसमोर, रस्ता ओलांडला की, एक बाग आहे. फार मोठी नाही. एक गेट, विटांची पायवाट, दोन झोपाळे, त्यातला एक कायम तुटलेला, तीन बाकडी आणि अगदी शेवटी शिरीषाचं झाड. पावसात चिखल, उन्हाळ्यात धूळ. पण होती आमची. सकाळी गेट ढकललं की आत जाता यायचं आणि कोणी विचारायचं नाही की तुम्ही कोण.

दीड वर्षापूर्वी माझ्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, अर्धांगवायूचा झटका आला. वय वर्षं शहाऐंशी. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू थोडा परत आला, पण हाताची मूठ मिटली ती मिटलीच. व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज चालायचं, आणि रोज थोडं जास्त. अप्पांनी सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात केलेली. नुसतं चालणं त्यांना जमतच नाही, ते मोजून चालतात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर चालायला लावून मोजणी पक्की केली. गेटपासून पहिलं बाकडं एक्केचाळीस पावलं, दुसरं शहाण्णव, तिसरं, शिरीषाखालचं, एकशे बावन्न. सात महिन्यांत ते दुसऱ्यापर्यंत पोचले होते. "तिसऱ्यावर जाऊन बसलो," ते माझ्या बायकोला सांगायचे, "की ही काठी तुला देऊन टाकीन. कपडे वाळत घाल तिच्याने."

एका सोमवारी आम्ही दोघं रस्ता ओलांडून गेलो तर समोर पत्रे. आदल्या संध्याकाळी नव्हते. गेटच्या जागी पत्रे, कुंपणाच्या जागी पत्रे, आणि वर भला मोठा फलक: 'लवकरच आपल्या सेवेत. आरोग्य क्लब, भोजनगृह आणि वाहनतळ.' फलकावर एक बाई पळता पळता हसत होती. मी आयुष्यात पळताना हसणारं माणूस बघितलेलं नाही, पळताना दम लागतो. मी पत्र्यावर थाप मारली.

"बंद आहे," आतून आवाज आला.

"कधी उघडणार?"

"उघडणार नाही. काम चालू आहे."

"कसलं काम?"

"ते आम्हाला पण सांगितलेलं नाही."

अप्पा पत्र्याला डावा हात टेकून उभे राहिले. पत्र्यावरून शिरीषाचा शेंडा दिसत होता. त्यांनी तो थोडा वेळ बघितला आणि म्हणाले, "चल घरी." घरी आले, पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले आणि दुसऱ्या दिवशी उठलेच नाहीत. घरातल्या घरात चाला म्हटलं तर म्हणाले, "पलंगापासून मोरीपर्यंत बारा पावलं आहेत. मोरीत जाऊन बसू का?" त्यानंतर बोलणंही बंद. डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून बघितला आणि दारात चपला घालताना मला हळूच सांगितलं, "असेच तीन महिने पडून राहिले ना, तर आलेला पायही जाईल. मग मला बोलावून उपयोग नाही."

तर मला जे हवं होतं ते एवढंच: सकाळी एक तास ते गेट उघडा. एका म्हाताऱ्या माणसासाठी. क्लब बांधा, नाहीतर किल्ला बांधा, पण एक तास उघडा. मी एका पानाचा अर्ज लिहिला. अर्ज हा माझा प्रांत आहे. मी चौतीस वर्षं सरकारी कार्यालयात आवक-जावक विभागात काढली. आलेल्या कागदावर नंबर टाकायचा, गेलेल्या कागदावर नंबर टाकायचा. लोकांना यात काही विशेष वाटत नाही, इमारतीतले लोक तर मला पाठीमागे 'आवकजावक' म्हणतात, हे मला माहीत आहे. पण चौतीस वर्षांत माझ्या नावावर एक ठपका नाही, एक मेमो नाही, आणि माझ्या हातून एक कागद गहाळ झालेला नाही. हे मी पुढे काय झालं त्यासाठी सांगून ठेवतो.

पालिकेच्या खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला. "कोणती बाग?"

"ही काय, आमच्यासमोरची. शिरीषाची."

त्याने एक जाडजूड रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं. "तिथे बाग नाही. मोकळा भूखंड आहे."

"अहो, मी तीस वर्षं त्या बागेत जातो आहे."

"जात असाल. नोंद नाही."

"तिथे बाकडी आहेत. झोपाळे आहेत."

हे ऐकून मात्र तो एकदम जागा झाला. "भूखंडावर झोपाळे? कोणी बसवले? परवानगी घेतली होती का?" आणि पेनाचं टोपण काढून लिहायलाच लागला. आणखी दोन मिनिटं थांबलो असतो तर सरकारी जागेवर झोपाळे बसवल्याबद्दल माझ्यावरच कारवाई झाली असती. मी विषय बदलला. विचारलं, मग आम्ही दाद कुठे मागायची? तो म्हणाला, "अजून काही अंतिम नाही. सूचना लागेल. हरकतीला तीस दिवस मिळतील. तेव्हा या." मला बरं वाटलं. सूचना, मुदत, हरकत, हे माझ्या ओळखीचे शब्द होते. आपल्या घरच्या माणसांत आल्यासारखं वाटलं, आणि इथेच मी फसलो.

दरम्यान ही बातमी इमारतीत पसरली होती. आता कोणाचा पाय मोडला, कोणाच्या घरात पाणी गळलं, की आमच्या इमारतीत पहिलं काय होतं, तर सल्ला. तळमजल्यावरचा विमा एजंट माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "अर्ज? अहो कोणत्या जमान्यात आहात? वर ओळख लागते. माझ्या मेहुण्याचा एक मित्र पालिकेत फार वर आहे." त्या मित्राला मी तीन फोन केले. तो अग्निशमन दलात निघाला आणि शिडीवर चढतो म्हणून वर होता. तिसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई म्हणाल्या, "अर्जातून राग दिसत नाही. राग बेंबीपासून आला पाहिजे," आणि तो कसा येतो ते त्यांनी जिन्यात उभं राहून दाखवलं. दुसऱ्या मजल्यावर एक तान्हं बाळ झोपलं होतं, ते उठलं.

मग समिती स्थापन झाली. मी स्थापन केली नाही. मला एक तास गेट हवं होतं. पण रविवारी सकाळी बावीस माणसं आमच्या घरात चहा पीत बसली होती आणि माझी बायको शेजारून कप मागून आणत होती, म्हणजे समिती स्थापन झालीच होती. पहिल्या दोन सभा नावावर गेल्या. 'बाग बचाव समिती' गाण्याच्या बाईंना रडकं वाटलं. त्यांना 'संघर्ष' पाहिजे होता. विमा एजंट म्हणाला, संघर्ष म्हटलं की माझे निम्मे ग्राहक पळतील, तुम्ही 'संवाद' घ्या. दोन तास हे दोघं संघर्ष करत संवादाबद्दल बोलत होते. आतल्या खोलीत अप्पा भिंतीकडे तोंड करून पडलेले. कोणी एकाने आत डोकावून त्यांना विचारलं का, की अप्पा, कसं वाटतंय? नाही. मी मात्र सभा कितीही भांडकुदळ असो, हजेरीपत्रक चोख ठेवलं. अनुक्रमांक, पूर्ण नाव, पत्ता, सही. ज्या सभेचं हजेरीपत्रक नाही ती सभा झालीच नाही, असं मी चौतीस वर्षं मानत आलो.

मग आम्ही पत्र्यांसमोर धरणं धरलं. आमच्या वयाला जमिनीवर बसणं झेपत नाही, म्हणून घरून प्लास्टिकच्या खुर्च्या नेल्या. मी भाषण लिहून नेलं होतं. पहिलं वाक्य म्हटलं आणि आतून जमीन फोडायचं यंत्र सुरू झालं. मी थांबलो की ते थांबायचं, मी तोंड उघडलं की ते सुरू. हा योगायोग असेल यावर मी मरेपर्यंत विश्वास ठेवणार नाही. शेवटी गाण्याच्या बाईंनी पेटी काढली आणि ते यंत्र त्यांनाही पुरून उरलं. त्या गडबडीत एका वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला, म्हणाला, "सगळे इकडे बघा, हसा." आणि आम्ही गाढवं हसलो. फोटो काढायचा म्हटला की हसायचं, ही लहानपणापासूनची सवय. दुसऱ्या दिवशी पेपरात आम्ही सत्तावीस जण, प्रत्येक जण दात काढून, डोक्यावर 'लवकरच आपल्या सेवेत' आणि त्या पळणाऱ्या बाईचे पाय. खाली छापलं होतं: 'नव्या क्लबची उत्सुकतेने वाट पाहणारे परिसरातील ज्येष्ठ नागरिक.' मी तो पेपर फाडला. मग परत चिकटवला, कारण खुलासा पाठवायला कात्रण जोडावं लागतं. खुलासा अजून छापून आलेला नाही.

सूचनेची वाट मी रोज बघत होतो. सकाळी, संध्याकाळी पत्र्यांना प्रदक्षिणा घालायचो. एक कागद कुठे चिकटवलेला नाही. सहाव्या आठवड्यात न राहवून पुन्हा त्या खिडकीवर गेलो.

"मुदत संपली," कारकून म्हणाला. "मंगळवारी."

"सूचना लागलीच नाही तर मुदत कशी संपेल?"

"लागली ना. जागेवर लावायची असा नियमच आहे."

"जागेवर कुठे?"

त्याने फाइल बघितली. "झाडावर."

"कोणत्या झाडावर?"

"शिरीष असं लिहिलंय."

मी खिडकीचा गज धरला. "म्हणजे पत्र्यांच्या आत? जिथे आम्हाला जाता येत नाही तिथे तुम्ही आम्हाला वाचायला कागद लावलात?"

"साहेब, आत-बाहेर असं नियमात काही नाही," तो शांतपणे म्हणाला. "जागेवर, एवढंच आहे." मला त्या माणसाचा राग आला नाही. मला राग आला तो हा कागद झाडाला लावून, वर तारीख टाकून, त्याचा फोटो काढून फाइलला लावणाऱ्या डोक्याचा. कारण ते काम नियमाप्रमाणे अगदी बिनचूक होतं. मी स्वतः केलं असतं तर असंच केलं असतं. ती चीड मला अजून आतून पोखरते.

पुढच्या शनिवारी क्लब बांधणाऱ्या कंपनीने शाळेच्या हॉलमध्ये 'नागरिक संवाद बैठक' बोलावली. आपलं म्हणणं ठासून मांडायचं म्हणून आमची समिती अख्खी गेलीच, शिवाय आसपासच्या इमारतींतले लोकही आले. दारात एक टायवाला तरुण सगळ्यांना हात जोडत होता. इतका गोड की त्याच्याकडे बघून दात शिवशिवायचे. टेबलावर कोरे कागद ठेवले होते आणि लोक त्यावर वाटेल तशा सह्या करत होते. कोणी आडवी, कोणी तिरकी, एकाने तर सहीशेजारी फूल काढलं होतं. नाव नाही, पत्ता नाही. मला ते बघवेना.

आता हा माझा गुन्हा ऐका. मी त्या टायवाल्याला बाजूला सारलं, खुर्ची ओढली, पिशवीतून पट्टी काढली आणि नवीन कागदांवर रकाने आखले. लोकांना ओळीत उभं केलं. "पूर्ण नाव लिहा. फ्लॅट नंबर लिहा. सही चौकटीत." एकशे त्रेचाळीस माणसं मी शिस्तीत सह्या करून आत सोडली. पहिल्या पानावर वरती चार बोटं जागा कोरी ठेवली. मथळ्यासाठी. मथळा ज्याने सभा बोलावली त्याने घालायचा, आपण नाही, हा आमच्या खात्यातला शिरस्ता. चौतीस वर्षं मी चार बोटं सोडत आलो, हात आपोआपच तिथून सुरू करतो. टायवाला माझ्या मागे उभा राहून म्हणाला, "सर, तुमच्यासारखी माणसं हवीत." आणि मी, सांगायला लाज वाटते, खूश झालो.

अठ्ठ्याऐंशी नंबरला मी थबकलो. वाटलं, या बागेवर खरा हक्क कोणाचा, तर घरी पडलेल्या त्या माणसाचा, आणि त्याचंच नाव यादीत नाही. मी अप्पांचं नाव लिहिलं आणि त्यांची सही केली. ती सही मला येते. सातवीत गणितात नापास झालो तेव्हा प्रगतिपुस्तकावरही मीच केली होती. तेव्हा पकडला गेलो होतो आणि पायात चप्पल न घालता घराबाहेर पळालो होतो.

बैठकीत आम्हाला बोलायला वेळ मिळाला नाही. सव्वा तास पडद्यावर चित्रं दाखवली आणि मग केक आणि चहा दिला. गाण्याच्या बाईंनी दोनदा हात वर केला, दोन्ही वेळा त्यांना केक मिळाला.

आठ दिवसांनी मी त्या खिडकीवर गेलो तर कारकुनाने हसून स्वागत केलं. "तुमच्या प्रकरणात प्रगती आहे. लोकांची लेखी संमती आली. आता फक्त सुनावणी राहिली." आणि एक फाइल पुढे सरकवली. "काय सुरेख काम आहे बघा. इतक्या वर्षांत असा कागद आला नव्हता माझ्याकडे. रकाने बघा, अक्षर बघा. कोणी केलं असेल?"

मी बघितलं. माझे रकाने. माझं अक्षर. आणि वरच्या चार बोटांच्या जागेत, मधोमध, टाइप केलेलं: 'आम्ही खाली सह्या करणारे नागरिक सदर प्रकल्पास पूर्ण संमती देत आहोत.' मथळा इतका नेमका बसला होता की वर-खाली सुताएवढी जागा उरली नव्हती. मी म्हटलं, "हे हजेरीपत्रक आहे." तो म्हणाला, "तसं यावर कुठे लिहिलंय?" आणि खरंच, ते लिहायची जागा मीच कोरी सोडली होती. फाइलची झेरॉक्स घेऊन बाहेर आलो आणि जिन्याच्या पायरीवर बसलो. येणारे-जाणारे माझ्यावरून पाय टाकून जात होते.

इमारतीत काय झालं ते थोडक्यात सांगतो. विमा एजंटाने संवाद सोडला आणि सरळ म्हणाला, "आवकजावक फितूर आहे. याला क्लबात फुकट प्रवेश मिळणार." समोरासमोर 'आवकजावक'. गाण्याच्या बाई नुसतं बघून जिना चढून गेल्या, आणि ते जास्त लागलं. बायकोने ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "अहो, पण तुम्हाला कोणी सांगितलं होतं का, लोकांच्या सह्या घ्यायला?" कोणी सांगितलं नव्हतं. तेच तर.

रात्रीचं जेवण कोणाला गेलं नाही. मी झेरॉक्स टेबलावर टाकून बसलो होतो. तेवढ्यात आतून आवाज आला. "दाखव." सात आठवड्यांनी अप्पा आपणहून बोलले होते. मी कागद नेऊन त्यांच्या पलंगावर धरला. ते ओळीओळीने बघत गेले. मग डाव्या हाताचं बोट अठ्ठ्याऐंशी नंबरवर ठेवलं.

"ही सही माझी नाही."

मी कागद मागे घ्यायला लागलो, पण त्यांचं बोट हललं नाही.

"माझी शेपटी वर जाते. ही खाली गेली आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सातवीतही खालीच काढली होतीस. पन्नास वर्षांत एक शेपटी सुधारता आली नाही तुला." मग पाय पलंगाखाली सोडले. "सुनावणी कधी आहे?"

सुनावणीचं मी सांगितलेलं त्यांनी भिंतीकडे तोंड करून सगळं ऐकलं होतं. आणखी बारा दिवसांनी होती. तिचाही एक वेगळा मासला. हरकतीची मुदत संपल्यामुळे ज्यांची हरकत आहे त्यांना बोलायची परवानगी नव्हती. बोलता येणार होतं फक्त संमती देणाऱ्यांना. हे मला कारकुनाने सांगितलं तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो आणि शिपायाने मला बाहेर काढलं होतं. पण अप्पा म्हणाले, "मग बरंच आहे. मी दिली आहे ना संमती?"

बारा दिवस अप्पा घरात चालले. पलंग ते मोरी, मोरी ते दार, दार ते पलंग, आणि मोठ्याने मोजणी. बायकोने वाटेतली तिपाई, पायपुसणी, माझी आरामखुर्ची, सगळं उचलून टाकलं. मी बसायला जागा शोधत फिरत होतो. मला घरात कोणी विचारत नव्हतं, पण ती मोजणी ऐकायला बरं वाटायचं.

सुनावणीच्या दिवशी पालिकेची चाकांची खुर्ची मागितली. ती होती, पण कपाटात होती आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर. "नको ती खुर्ची," अप्पा म्हणाले. गेटपासून सुनावणीच्या खोलीपर्यंत एक लांबच लांब वऱ्हांडा. अप्पा काठी टेकत निघाले. मी एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला. शंभरनंतर त्यांचा पाय ओढला जायला लागला. विमा एजंट आणि गाण्याच्या बाई मागून आले, पुढे जाऊ शकत होते, गेले नाहीत. आमच्या मागे हळूहळू रांगच लागली आणि त्यातले काही लोक तर जन्माचा दाखला घ्यायला आले होते.

टेबलामागे एक बाई अधिकारी होत्या. शेजारी टायवाला. बाईंनी यादी चाळली. "अनुक्रमांक अठ्ठ्याऐंशी. बसा आजोबा. आपली या प्रकल्पाला संमती आहे?"

अप्पा आधी बसले. दम घेतला. माझ्याकडे वळून म्हणाले, "एकशे सदुसष्ट." मग अधिकारीबाईंकडे बघितलं. "ही सही माझी नाही."

टायवाला पुढे झुकला. गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, वयामुळे कधीकधी विसर पडतो."

अप्पांनी उजवा हात डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवला. मिटलेली मूठ. "नऊ महिने झाले हिला. उघडून दाखव. मग म्हणेन मी सही केली." टायवाल्याने हात मागे घेतला. अधिकारीबाईंनी अप्पांचं निवृत्तिवेतनाचं पुस्तक मागितलं, सह्या शेजारी ठेवून बघितल्या. शेपटी वर, शेपटी खाली.

"मग ही कोणी केली?"

अप्पांनी मान वर केली. छताकडे बघत राहिले. ते 'माहीत नाही' म्हणून मला वाचवूही शकत होते आणि नाव घेऊन अडकवूही शकत होते, त्यांनी दोन्ही केलं नाही. माझ्या मनात काय आलं ते खरं सांगतो: चौतीस वर्षं, एक मेमो नाही. निरोपाच्या दिवशी मोठ्या साहेबांनी भाषणात म्हटलं होतं की या माणसाच्या कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवावा. मग मला त्या टायवाल्याचं तोंड दिसलं. तो हसत होता. फलकावरच्या बाईसारखा, विनाकारण. माझं टाळकं सटकलं.

मी उभा राहिलो. "मी केली. वडिलांची खोटी सही मी केली. आणि हे रकानेही मीच आखले. ते हजेरीपत्रक होतं. वरचा मथळा नंतर घातला आहे, या गृहस्थांनी, आणि यांना लाज नाही."

"शेवटचं वाक्य सोडून लेखी द्या," अधिकारीबाई म्हणाल्या.

मी तिथेच कागद घेतला. हात सवयीने चार बोटं खाली गेला. मी तो परत वर नेला आणि कागदाच्या अगदी वरच्या काठापासून लिहायला सुरुवात केली. काठाला चिकटून. खाली स्वतःची सही केली.

बाईंनी कागद वाचला, टायवाल्याकडे एकदा चष्म्यावरून बघितलं आणि आदेश लिहायला सांगितला. एक सही खोटी म्हणजे सगळी यादी संशयास्पद. यादीची आणि खोटी सही करणाऱ्याची, म्हणजे माझी, चौकशी होईल. ती पूर्ण होईपर्यंत संमती ग्राह्य धरता येणार नाही, काम बंद, पत्रे काढून जागा पूर्वीसारखी खुली. टायवाला म्हणाला, "पण मॅडम, चौकशीला किती दिवस लागतील?" त्या म्हणाल्या, "नियमाप्रमाणे जे लागतील ते."

पत्रे निघाले. दोन झोपाळ्यांपैकी चांगला होता तो गेला, तुटका आहे. पायवाट अर्धी खणलेली. शिरीषावर ती सूचना अजून चिकटलेली आहे, मी काढू दिली नाही. इमारतीत माझ्याशी पुन्हा बोलतात, म्हणजे सल्ले देतात. विमा एजंटाचं म्हणणं आहे की मी अटकेचा विमा काढावा.

आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी पालिकेत जातो. चौकशीसाठी हजर. एकदा माझी कागदपत्रं अपुरी असतात, एकदा मी झेरॉक्स विसरतो, एकदा प्रकृतीच्या कारणास्तव पुढची तारीख मागतो. कारकून समजूतदार आहे, रजिस्टरमध्ये नोंद करतो. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांची कामं वेळेत केली. आता पहिल्यांदाच एक प्रकरण लांबवतो आहे आणि ते काम मी फार मन लावून करतो. परवा घाबरवणारी बातमी आली. चौकशी अधिकारी नवीन आलेत, म्हणे तडफदार आहेत, महिन्याभरात निकाल लावतात.

मी धावत बागेत गेलो आणि अप्पांना सांगितलं. ते तिसऱ्या बाकड्यावर बसले होते. काठी घरी होती, कपडे वाळत घालायच्या दोरीजवळ. त्यांनी सगळं ऐकलं, जरा विचार केला.

"वकील देणार आहेस का?"

"द्यावा लागेल बहुतेक."

"चांगला देऊ नकोस," अप्पा म्हणाले. "उगाच सुटशील."